पिप नेमका कुठे बदलतो? ('ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' आणि लेकीचा निबंध)

थेम्सकाठची

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबेल, पण तीन आठवडे एकटीने डोकं लावून थकले म्हणून इथे आले.

माझी मुलगी पंधरा वर्षांची. इंग्लंडात शाळा संपताना जीसीएसईची परीक्षा असते आणि इंग्रजी साहित्यात एकोणिसाव्या शतकातली एक कादंबरी असतेच. तिच्या शाळेने डिकन्सची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' निवडली आहे. परीक्षेला पुस्तक जवळ ठेवता येत नाही. पेपरात एक उतारा छापून देतात, त्यापासून सुरुवात करून सबंध कादंबरीबद्दल लिहायचं. सरावासाठी बाईंनी दिलेला प्रश्न असा: पिप कसा घडत जातो, आणि तो नेमका कुठे बदलतो?

लेकीने तीन परिच्छेद लिहिले. पिप गरीब होता तेव्हा चांगला होता. श्रीमंत झाला तेव्हा वाईट झाला. पैसे गेले तेव्हा परत चांगला झाला. भाषा छान, अवतरणं जागच्या जागी, आणि तरी वाचून मला चुकल्यासारखं वाटलं. काय चुकलं ते मात्र सांगता येईना. "मग तूच सांग ना आई," म्हणाली. मी कॉलेजात असताना संक्षिप्त आवृत्ती वाचली होती. म्हणून आता पूर्ण वाचली, रोज रात्री दोन-तीन प्रकरणं.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. केंट परगण्यात खाडीकाठच्या दलदलीच्या मुलखात पिप नावाचा अनाथ मुलगा राहतो. मोठी बहीण मारून-झोडून त्याला वाढवते. तिचा नवरा ज्यो हा लोहार, आणि पिपचा जगातला एकुलता एक मित्र. नाताळच्या आदल्या संध्याकाळी दफनभूमीत एक पळालेला कैदी पिपला धरतो आणि खाणं व बेडी कापायला कानस आणायला लावतो. पुढे मिस हॅविशॅम या श्रीमंत बाईच्या बंद घरात पिपला खेळायला बोलावतात. लग्नाच्या दिवशी नवऱ्यामुलाने फसवलं म्हणून या बाईने घरातली घड्याळं नऊला वीस मिनिटं कमी असताना थांबवलेली, अंगावर अजून तोच लग्नाचा पोशाख. तिने दत्तक घेतलेली एस्टेला पिपला हलक्यातला म्हणून हिणवते. काही वर्षांनी कुणा अज्ञात व्यक्तीने पिपच्या नावे मोठी संपत्ती ठेवल्याचं कळतं. तो लंडनला जंटलमन व्हायला जातो आणि हे सगळं मिस हॅविशॅमचंच असं धरून चालतो. तेविसाव्या वर्षी एका वादळी रात्री दारात तोच कैदी उभा राहतो, मॅग्विच. पैसा त्याचा. न्यू साउथ वेल्समध्ये मेंढ्या पाळून मिळवलेला. जन्मठेपेवर पाठवलेला माणूस इंग्लंडात परतला तर फाशी.

तर प्रश्न तोच. कुठे बदलतो हा मुलगा? मला उत्तर लिहून नको आहे, ती तिचं तीच लिहील. तिच्याशी नीट बोलता यावं इतकंच हवंय.

खडूफळा

ताई, अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यामुळे राहवत नाही.

मुलीने तीन परिच्छेद का केले ते आधी समजून घ्या. तिचा दोष नाही, सुरी पुस्तकानेच तिच्या हातात दिली आहे. ही कादंबरी डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ या काळात 'ऑल द इयर राउंड' या डिकन्सच्याच साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने आली. प्रकरणं ५९, भाग तीन. एकोणिसाव्या आणि एकोणचाळिसाव्या प्रकरणाच्या शेवटी तर पिपच्या अपेक्षांचा पहिला टप्पा संपला, दुसरा संपला, असं लिहिलेलंच आहे. मूल तिथेच कापणार.

पण या पुस्तकात पिप दोन आहेत. एक जगतो तो, आणि दुसरा पुष्कळ वर्षांनी लिहायला बसतो तो. तुमच्या मुलीने फक्त पहिला पाहिला. एकोणिसाव्या प्रकरणात पिप लंडनला निघतो ती सकाळ काढा. घोडागाडीपर्यंत मी एकटाच जाईन, असं त्याने ज्योला आधीच बजावलेलं असतं. आणि लगेच लिहिणारा पिप कबूल करतो की यामागे वेगळं कारण होतं अशी मला फार भीती वाटते. गाडीपाशी आम्ही दोघं शेजारी उभे राहिलो असतो तर आमच्यातला फरक दिसला असता. मुलगा तोवर तसं काही नसल्याचं सोंग स्वतःशीच करत होता, निघायच्या आदल्या रात्री जेमतेम मनात कबूल करतो. लिहिणारा माणूस उघड सांगतो. मुलगा कुठवर वाढला याचं माप त्या एका कबुलीत आहे, आणि ती पहिल्याच टप्प्यात येते, जिथे तुमची लेक म्हणते की तो नुसता 'चांगला' होता.

मी वर्गात मुलांना पेन्सिल घ्यायला सांगायचो. 'मी' हा शब्द आला की थांबा आणि विचारा, हा कुठला मी?

दुसरी गोष्ट, बिघाड लंडनला गेल्यावर होत नाही. तो आठव्या प्रकरणात एका दुपारी होतो, पत्ते खेळताना. पिप गुलामाला 'जॅक' म्हणतो. वरच्या थरात तेव्हा 'नेव्ह' म्हणत. एस्टेला हसते, हा मुलगा गुलामांना जॅक म्हणतो! मग त्याचे हात किती खरखरीत, बूट किती जाड. पिप लिहितो की त्या दिवसाआधी आपल्या हातांची लाज वाटावी असं मनातही आलं नव्हतं.

आपल्याकडे हे समजावून सांगावं लागत नाही. 'पाणी'ला 'पानी' म्हटलं म्हणून वर्ग हसला आणि त्या दिवसापासून हात वर करणारं पोर कायमचं गप्प झालं, हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलं आहे. हसणाऱ्यांना तासाभरात विसर पडतो. ज्याला हसले तो घरी जातो आणि आपल्या आईचं बोलणं वेगळ्या कानाने ऐकू लागतो. चौदाव्या प्रकरणात पिप म्हणतो की स्वतःच्या घराची लाज वाटणं ही फार दुःखाची गोष्ट आहे. त्यात कृतघ्नपणा असेल, शिक्षाही योग्य असेल, पण ते दुःख आहे याची ग्वाही मी देतो. मुलीला हे वाक्य मोठ्याने वाचायला सांगा. मग 'वाईट झाला' असं तिला इतक्या सहज लिहिता येणार नाही.

भटकंती७

सरांना अनुमोदन. फक्त एक भर. केंटमधल्या कूलिंग गावच्या चर्चच्या आवारात लहान मुलांच्या तेरा थडग्यांचे छोटे छोटे लांबट दगड आहेत. डिकन्सने पिपच्या मेलेल्या भावांच्या कबरी तिथूनच घेतल्या असं मानतात. कादंबरीत त्याने पाचच ठेवल्या, पण प्रत्यक्षातल्या तेरा आहेत. मी फेब्रुवारीत गेलो होतो, वारा असा की उभं राहवत नव्हतं. ताई, तुम्ही इंग्लंडातच आहात, लेकीला घेऊन जा. पहिलं प्रकरण तिथे उभं राहून वाचलं तर थंडी आणि भीती कुणी समजावून सांगायला नको.

काजबटण

मी इथे बहुतेक नुसता वाचत असतो. सरांचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि आज लिहायचं ठरवलं.

माझे वडील शिंपी. तालुक्याच्या गावात बाजारपेठेच्या टोकाला दुकान, एक मशीन, पुढे एक फळी. मी पहिल्यांदा पुण्यात इंजिनियरिंगला आलो तेव्हा होस्टेलच्या खोलीत आम्ही तिघं. बाकीच्या दोघांचे वडील कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. मी 'वडिलांचा कपड्याचा व्यवसाय आहे' असं सांगितलेलं. खोटं नव्हतं. पण ते काय ऐकतील ते मला चांगलं माहीत होतं.

दुसऱ्या सत्रात अण्णा न कळवता आले. मी लेक्चरला होतो. परत आलो तर अण्णा माझ्या खाटेच्या अगदी कडेवर बसलेले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. हातात माझ्या खोलीमित्राचा शर्ट. त्याचं बटण तुटलेलं दिसलं म्हणून त्यांनी टोपीच्या आतून सुई काढली आणि बसल्या बसल्या लावून देत होते. मित्र समोर उभा राहून "काका, राहू द्या ना" म्हणत होता, अगदी मनापासून. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. जे काही होतं ते माझ्याच मनात.

मी अण्णांना बाहेर नेलं आणि म्हणालो, "येण्याआधी कळवत जा." बास, एवढंच म्हणालो. ते "बरं" म्हणाले. साडेतीनच्या एसटीने परत गेले. मुक्कामाला आले होते, पिशवीत धोतर होतं, हे मला नंतर आईकडून कळलं.

नोकरी लागल्यावर कधीतरी ही कादंबरी हातात आली. सत्ताविसावं प्रकरण. ज्यो लंडनला पिपच्या खोलीवर येतो. पिप लिहितो की पैसे देऊन त्याला येण्यापासून थांबवता आलं असतं तर मी नक्की पैसे दिले असते. ज्यो कधी 'पिप' म्हणतो, कधी 'सर' म्हणतो. पिप त्याची टोपी ठेवायला मागतो तर तो देत नाही, अंडी असलेलं घरटं धरावं तशी दोन्ही हातांनी धरतो. मग ती शेकोटीवरच्या फळीच्या अगदी कोपऱ्यात ठेवतो, ती सारखी पडते, हा सारखा झेलतो. जाताना ज्यो म्हणतो, मला भट्टीच्या कपड्यांत आठव, हातात हातोडा असताना आठव, मग माझ्यात निम्मेसुद्धा दोष दिसणार नाहीत.

मी पुस्तक मिटलं आणि पुढे चार महिने उघडलं नाही.

ताईंच्या प्रश्नाबद्दल माझं म्हणणं इतकंच. ज्यो गेल्यावर पिप सावरतो आणि मागे रस्त्यावर धावतो, पण तो सापडत नाही. मुलगी म्हणेल, हा बघा, बदलला. तर नाही. दुसऱ्याच दिवशी तो गावी जातो आणि वाटेत स्वतःला कारणं देत देत ज्योच्या घराऐवजी खानावळीत उतरतो. पश्चात्ताप झाला म्हणजे माणूस बदलला असं नसतं. मला त्याच संध्याकाळी पश्चात्ताप झाला होता. तरी पुढचं वर्षभर मी अण्णांना "इकडे या" म्हणालो नाही.

त्याच प्रकरणात अजून एक जागा आहे. पिपला ज्यो कुणाच्या नजरेला पडू नये असं वाटतं? हर्बर्टच्या नाही, तो जिवलग मित्र. सोबत शिकणाऱ्या ड्रमलच्या, ज्याची पिपला स्वतःलाच किळस आहे. आपण सर्वात हलकं वागतो ते ज्यांना आपण कवडीची किंमत देत नाही अशांसाठी, असं तो लिहितो. हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल.

थेम्सकाठची

काजबटण, काय लिहू कळत नाही. मी तुमचा प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला, चालेल ना? तिला मराठी वाचायला वेळ लागतो, ऐकून सगळं कळतं. ती बराच वेळ बोलली नाही. मग विचारलं, "त्यांनी नंतर सॉरी म्हटलं का?"

काजबटण

चालेल. नाही म्हटलं.

अनवट

सगळं हृदयाला भिडतंय, तरी एक वेगळी बाजू मांडते. पिपच्या पश्चात्तापात आपण इतके रमतो की त्याच्या आजूबाजूचे लोकही वाढतात हे आपल्याला दिसत नाही.

ज्योचंच घ्या. सातव्या प्रकरणात छोटा पिप पाटीवर पत्र लिहून ज्योला दाखवतो. ज्योला त्यात फक्त 'जे' आणि 'ओ' वाचता येतात, म्हणजे स्वतःचं नाव. शाळेत का गेला नाहीस विचारल्यावर सांगतो की बाप दारू पिऊन आईला आणि मला मारायचा. आम्ही पळून जायचो, आई शाळेत घालायची, बाप शोधून परत आणायचा. म्हणूनच तो बायकोपुढे कधी आवाज चढवत नाही. बायकांशी वाईट वागण्यापेक्षा थोडं सोसलेलं बरं, हे त्याने मनाशी ठरवलंय. आता सत्तावन्नावं प्रकरण. पिप तापाने फणफणलेला, ज्यो उशाशी, आणि टेबलाशी बसून बिड्डीला, म्हणजे पिपच्या गावाकडच्या जुन्या मैत्रिणीला, पत्र लिहितोय. बोरू पहारीसारखा धरलाय, बाह्या मागे सारल्यात, पण लिहितोय. बिड्डीने शिकवलं. या कादंबरीत कुणी खरा अभ्यास केला असेल तर या लोहाराने, आणि त्यासाठी त्याला कुणाची संपत्ती मिळाली नव्हती.

त्याच प्रकरणात तो सांगतो की मी तुला बहिणीच्या मारातून सोडवायला मध्ये पडलो की तिचा हात तुझ्यावर आणखी जोरात पडायचा, म्हणून मी गप्प राहायचो. ज्यो देवमाणूस वगैरे नाही. एका मुलाला रोज मार बसताना त्याने पाहिलंय आणि ते ओझं त्याच्यावरही आहे. मला तो यामुळे जास्त जवळचा वाटतो.

आणि बिड्डी! लंडनला जाण्याआधी पिप तिला सांगतो की ज्योला जरा रीतभात शिकव. ती विचारते, त्याची रीतभात चालत नाही का मग? ज्योलाही अभिमान असू शकतो, जी जागा तो नीट आणि मानाने सांभाळतोय तिथून कुणी उचलून नेलेलं त्याला आवडणार नाही, हेही सुनावते. पिप उलट तिलाच मत्सरी ठरवतो. सगळं गमावल्यावर, सगळं शिकल्यावर, सत्तावन्नाव्या प्रकरणाच्या शेवटी हाच पिप ठरवतो की आता जाऊन बिड्डीशी लग्न करू. जणू ती इतकी वर्षं त्याने सोडलं त्याच जागी उभी आहे. पोचतो तर त्याच दिवशी तिचं ज्योशी लग्न झालेलं. म्हणजे गोष्ट संपायला दोन प्रकरणं उरली तरी त्याचा मूळ दोष जागेवर आहे, माणसं आपली वाट बघत थांबलेली असतात हा समज. ताई, लेकीला हे जरूर सांगा. वाढ अशी पायऱ्यांनी होत नाही.

कायदेवाचक

अनवट यांचा मुद्दा मान्य. पण मग बदल कुठेच नाही का? आहे, आणि तो मनात नाही, कृतीत शोधावा लागतो. माझं काम कोर्टातलं असल्यामुळे मी नेहमी तेच बघतो.

पहिली कृती अगदी लहान आहे आणि सगळे विसरतात. सदतिसाव्या प्रकरणात, ऐन उधळपट्टीच्या दिवसांत, पिप हर्बर्टला न कळू देता त्याच्या धंद्याची सोय लावून देतो. आपल्या अपेक्षांमुळे कुणाचं तरी भलं झालं म्हणून त्या रात्री त्याला खरंच रडू येतं. पुढे हे पैसे अपुरे पडतात तेव्हा तो मिस हॅविशॅमकडे ९०० पौंड मागतो, हर्बर्टसाठी. ती विचारते, तुझ्यासाठी काही करू का? तो काही मागत नाही.

आता मॅग्विच. एकोणचाळिसाव्या प्रकरणात पिपला त्याची किळस येते, एखादं भयंकर जनावर असतं तरी याहून जास्त शिसारी आली नसती असं तो म्हणतो. चोपन्नाव्या प्रकरणात नदीवर पळून जायचा बेत फसतो, मॅग्विच जबर जखमी होऊन पकडला जातो. फाशी ठरलेली, मालमत्ता सरकारजमा होणार, म्हणजे पिपच्या हाती छदामही नाही. आणि तो जाऊन त्याच्या शेजारी बसतो. हा जिवंत आहे तोवर माझी जागा इथे. खटल्याच्या वेळी भर कोर्टात, एकाच वेळी बत्तीस स्त्री-पुरुषांना फाशी सुनावली जात असताना, पिप कठड्यापलीकडून त्याचा हात धरून असतो. गृहमंत्र्याला अर्ज लिहितो, राजाकडे अर्ज करतो. उपयोग शून्य. मॅग्विच फाशीआधीच तुरुंगाच्या दवाखान्यात मरतो.

ज्या मुलाला गाडीपाशी ज्योबरोबर दिसायचं नव्हतं, तो साऱ्या लंडनसमोर फाशी सुनावलेल्या माणसाचा हात धरून उभा आहे. मुलीला ही दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवायला सांगा.

आणि आता ते वाक्य, ज्यासाठी मी लिहायला बसलो. नावेत मॅग्विचच्या शेजारी बसल्यावर पिप म्हणतो की मला त्याच्यात दिसला तो फक्त एक माणूस, मी ज्योशी जसा वागलो त्याहून कितीतरी चांगला. मॅग्विचकडे बघताना त्याला ज्यो आठवतो! देणं एकाचं होतं आणि फेडायची संधी दुसऱ्याच्या रूपाने समोर आली. माझ्या मते पिप बदलतो तो इथे.

ज्योचं देणं मात्र राहतंच. पिपवर १२३ पौंड १५ शिलिंग ६ पेन्स कर्ज होतं, त्याला धरायला माणसं आली होती. पिप बरा होतोय असं दिसताच ज्यो गुपचूप ते फेडतो आणि पहाटे निघून जातो. मागे एक चिठ्ठी आणि पावती. पिपची शुद्ध हरपली होती तेव्हा ज्यो मोकळा होता, तो बरा होऊ लागला तसं परत 'सर' सुरू झालं. पैसे पिप पुढे कमावून परत करील. त्या 'सर'चं काय करणार?

डिकन्सचे स्वतःचे वडील १८२४ मध्ये कर्जापायी मार्शलसी तुरुंगात होते आणि बारा वर्षांचा डिकन्स बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबलं चिकटवत होता. ही गोष्ट त्याने लोकांपासून जन्मभर लपवली. ती बाहेर आली त्याच्या मृत्यूनंतर, मित्राने लिहिलेल्या चरित्रातून. लाज कशी लपवतात हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

खडूफळा

कायदेवाचक, आपला 'देणं एकाचं' हा मुद्दा मी वर्गात कधी इतक्या स्पष्टपणे मांडला नाही. वाईट वाटतंय, आणि आनंदही होतोय.

ज्योचा एक प्रसंग यालाच जोडून. पाचव्या प्रकरणात कैदी पकडला जातो तेव्हा पिपला वाचवायला तो सांगतो की लोहाराच्या घरातलं खाणं मीच चोरलं. ज्यो म्हणतो, खाल्लंस ते बरं केलंस, तू काय केलंस ते आम्हाला ठाऊक नाही, पण त्यासाठी तुला उपाशी मरू दिलं नसतं. पिपच्या डोळ्यांदेखत हे घडतं. वय साधारण सात. मॅग्विचशी कसं वागायचं ते ज्योने त्याला तेव्हाच दाखवलं होतं. कळायला सोळा वर्षं लागली.

अनवट

आणि शेवटाचं काय? परीक्षेत विचारतात म्हणून. डिकन्सने आधी लिहिलेला शेवट वेगळा होता, त्यात एस्टेला आणि पिप लंडनच्या रस्त्यावर दोन मिनिटं भेटतात आणि कायमचे वेगळे होतात. बुलवर-लिटन या लेखक मित्राने सांगितलं म्हणून त्याने तो बदलला, आता पडक्या वाड्याच्या जागी धुक्यात दोघं हात धरून बाहेर पडतात. मला जुना आवडतो. एस्टेला त्याला शेवटी मिळाली तर वाटतं की शिकल्याचं बक्षीस दिलं.

खडूफळा

छापलेल्या शेवटातही ती त्याला मिळाली असं डिकन्स स्पष्ट म्हणत नाही. तिच्यापासून पुन्हा वियोग होईल अशी सावली मला दिसली नाही, इतकंच पिप म्हणतो. आणि 'मला दिसली नाही' म्हणणाऱ्या या माणसाला याआधी काय काय दिसलं नव्हतं ते आपण ५८ प्रकरणं वाचत आलो आहोत! पण यावर वेगळा धागा काढू, इथे लेकीचा निबंध महत्त्वाचा.

थेम्सकाठची

मंडळी, दहा दिवसांनी लिहितेय. कूलिंगला जाऊन आलो. तेरा दगड मोजले. लेकीने हातमोजा काढून एकावर हात ठेवला आणि म्हणाली, माझ्या हाताएवढी रुंदी आहे.

निबंध तिने नव्याने लिहिला. तुमच्यातल्या कुणाचंच उत्तर घेतलं नाही, आणि मला त्याचं फार बरं वाटलं. तिने फक्त हात शोधले. एस्टेलाने हसलेले खरखरीत हात. जॅगर्स वकील पिपला संपत्तीची बातमी द्यायला येतो तेव्हा ज्योने त्याच्या खांद्यावर ठेवलेला हात, ज्याबद्दल पिप म्हणतो की वाफेच्या घणासारखा, माणूस चिरडेल किंवा अंड्याच्या टरफलाला हळूच टेकेल. मिस हॅविशॅमच्या कपड्यांना आग लागते तेव्हा ती विझवताना पिपचे भाजलेले हात. तिने इथे लिहिलंय की ज्या बाईच्या घरात त्याला हातांची लाज वाटायला शिकवलं, तिलाच वाचवताना ते जळले. मी हे वाचून उठून स्वयंपाकघरात गेले. मग कोर्टात मॅग्विचचा धरलेला हात. आणि मरताना मॅग्विच पिपचा हात ओठांशी नेतो ते, तुझी मुलगी जिवंत आहे आणि माझं तिच्यावर प्रेम आहे असं पिपने सांगितल्यावर (एस्टेला ही मॅग्विचचीच मुलगी).

बदल नेमका कुठे, याचं उत्तर तिने एका वाक्यात दिलंय: पिप जेव्हा स्वतःच्या हातांकडे बघायचं थांबवतो तेव्हा. बाईंनी समासात लिहिलंय, हे कुठे सुचलं? तिने सांगितलं, एका काकांच्या वडिलांनी बटण लावलं होतं त्यावरून.

काजबटण, हे तुम्हाला कळवायलाच हवं होतं.

काजबटण

लेकीला माझा आशीर्वाद सांगा. तिने ते दोन शब्द विचारले होते, ते मला दहा दिवस पुरले.

या शनिवारी गावी आलोय. अण्णा आता एक्क्याऐंशीचे, दुकान बंद करून सात वर्षं झाली, दिसायला कमी दिसतं. त्यांना इंग्रजी येत नाही. मी काल संध्याकाळी ओट्यावर बसून सत्ताविसावं प्रकरण त्यांना आपल्या बोलीत सांगितलं, जमेल तसं. लोहार, शहरातली खोली, 'सर' म्हणणं, सारखी पडणारी टोपी, शेवटी ती उष्ट्या पाण्याच्या भांड्यात पडते ते. का सांगतोय ते बोललो नाही. माझा आवाज दोनदा अडकला, तेव्हा ते दुसरीकडे बघत राहिले.

गोष्ट संपल्यावर बराच वेळ गेला. आईने दिवा लावला. मग अण्णांनी एवढंच विचारलं, "त्या खोलीत खुंटी नव्हती का रे?"